पाडलेल्या घराची नोंद

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या मार्गशीर्षात दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या आमच्या गावी आमचे वडिलोपार्जित घर पाडण्यात आले. काम दोन दिवस चालले. पहिल्या दिवशी कौले उतरवली, वासे आणि तुळया सोडवून अंगणात रचल्या, आणि दुसऱ्या दिवशी जेसीबीने भिंती लोटल्या. मी त्या घरातली लेक. विक्रीच्या कागदावर चौदा सहहिस्सेदारांच्या सह्या आहेत आणि त्यांत माझीही आहे, त्यामुळे या पत्रात कोणाविरुद्ध तक्रार करण्याचा मला अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. ज्यांनी जागा घेतली त्यांनी सारे व्यवहार रीतसर केले. मला सांगायचे आहे ते निराळे आहे. शंभराहून अधिक वर्षे उभे असलेले एक घर जमीनदोस्त झाले, आणि ते कसे होते, कोणी बांधले, कशाचे बांधले, त्यात कोण कसे राहिले याची एक ओळही कोणत्या दप्तरात उरली नाही. बाणकोटपासून दाभोळपर्यंतच्या पट्ट्यात अशी घरे पडताना मी अनेक वर्षे पाहत आले आहे; आपले स्वतःचे पडले तेव्हा त्यातला तोटा नेमका कोठे आहे ते कळले.

मी भूमी अभिलेख खात्यात नोकरी करून निवृत्त झाले. टिपण, फाळणीबारा, आकारफोड हे कागद हाताळण्यात आणि लोकांच्या हद्दी मोजून देण्यात माझे आयुष्य गेले, आणि स्वतःच्या घराचा साधा आराखडा मी कधी काढला नाही. घर आहेच, कधीही मोजता येईल, असे वाटत राहिले. पाडकामानंतर मी आमच्या घराचे सरकारी कागद पुन्हा काढून पाहिले. सातबाऱ्यावर त्या जागेची नोंद ‘घरपड’ या एका शब्दाची आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर घर क्रमांक, मालकांची नावे, लांबी-रुंदी, बांधकामाचा प्रकार आणि कर एवढेच आढळते. हे कागद कर आणि मालकी यांसाठी आहेत आणि त्या कामाला ते पुरेसे आहेत. परंतु त्यांवरून आमच्या घराला माडी होती की नव्हती, हेसुद्धा उद्या कोणाला सांगता येणार नाही. घराचा इतिहास जो काही होता तो घरातच होता, म्हणजे लाकडात, चिऱ्यांत, कौलांत आणि माणसांच्या आठवणीत, आणि त्यातला मोठा भाग दोन दिवसांत ट्रकमध्ये भरून गेला.

घराचे वय किती, हा आमच्या घरातला जुना वाद होता. ओटीवरच्या मुख्य तुळईवर शक कोरलेला होता, त्यातले ‘शके १८’ एवढे स्वच्छ वाचता येत असे. पुढचे दोन अंक वाळवीने खाल्ले होते. माझे थोरले काका मात्र घर १८६५ सालचे असल्याचे ठामपणे सांगत, कारण छपराच्या कौलांवर तो आकडा उठवलेला होता. मी नोकरीला लागल्यावर एकदा त्यांना दाखवून दिले की १८६५ म्हणजे शके १७८७, आणि तुळईवर तर शके अठराशेच्या पुढचा शक आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. खरा उलगडा पुढे झाला. कौलावरचे १८६५ हे घराचे साल नव्हतेच, ते कारखान्याचे होते. स्वित्झर्लंडमधील बासेल येथील मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना सुरू केला, जॉर्ज प्लेब्स्ट या मिशनऱ्याने त्याची घडी बसवली, आणि पुढे कित्येक वर्षे निघालेल्या कौलांवर स्थापनेचे तेच साल उमटत राहिले. कोकणात अनेक घरांचे वय या आकड्यावरून सांगितले जाते आणि ते बहुतेक वेळा चुकते.

पण तेच कौल नीट वाचले तर घराचा काळ बराच जवळ आणून देते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने या मिशनचे कारखाने शत्रुपक्षाशी संबंधित मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले आणि युद्धानंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. आमच्या मुख्य छपरावर मिशनच्या नावाची कौले होती. तुळईवरचा शक आणि कौलावरचे नाव एकत्र धरले, तर घराचा मुख्य भाग १८७८ नंतरचा आणि बहुधा महायुद्धाच्या आधीचा ठरतो. मागल्या पडवीवर मात्र कुंभाराच्या हातची नळीची कौले होती, तिच्या भिंती मातीच्या होत्या आणि तिथले खांब कसेबसे तासलेले होते. तो भाग बहुधा जुन्या घराचा उरलेला तुकडा होता, आणि पणजोबांनी तो न पाडता त्याच्या पुढे नवे घर जोडले असावे. ओटीवरच्या रंगीत सिमेंटच्या लाद्या आणखी नंतरच्या. आपल्या देशात पोर्टलंड सिमेंटचे उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला नीट सुरू झाले, आणि मुंबईत अशा लाद्या बनवणारी भारत टाइल्स ही कंपनी १९२२ ची. तेव्हा आजोबांच्या काळात, मुंबईचा पैसा घरात येऊ लागल्यावर, शेणाने सारवायची ओटी लाद्यांची झाली असा माझा तर्क आहे. एकाच छपराखाली किमान तीन काळ नांदत होते. हे सारे मी आज आठवणीवर लिहीत आहे. लाद्यांचा एक तुकडा, दोन कौले आणि तुळईचा शक कोरलेला भाग यांपलीकडे पुरावा म्हणून माझ्याकडे काही नाही, आणि तुळईचा तो भागही मी लाकूड घेणाऱ्याकडे विनवणी करून कापून घेतला म्हणून राहिला.

घराच्या बांधणीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आता ते पाहून समजून घेण्याची सोय उरलेली नाही. जोते आणि भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या होत्या. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हत्याराने तासता येतो, आणि उघड्यावर वारा-ऊन लागले की कठीण होत जातो. हा गुण पाहूनच फ्रान्सिस ब्युकॅननने १८०७ मध्ये मलबारच्या वर्णनात त्याला विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटेराइट’ म्हटले. आमचे चिरे हाताने काढलेले होते. आजच्या यंत्राने कापलेल्या चिऱ्यांसारखे ते एकसारखे नव्हते, आणि गिलावा निघालेल्या जागी पाथरवटाच्या हत्याराचे तिरके घाव ओळीने दिसत. कोणता हात उजवा आणि कोणता डावखुरा हेसुद्धा त्यांवरून सांगता येते असे एका वृद्ध पाथरवटाने मला लहानपणी दाखवले होते. चुना शिंपल्यांचा, खाडीकाठच्या भट्टीत भाजलेला. तुळया सागाच्या, वासे किंजळीचे, देवघराचे दार फणसाचे. खांब दगडी तळखड्यांवर उभे होते आणि पुष्कळसे सांधे खिळा न मारता खाचेत बसवलेले होते. सागाचे लाकूड मलबारातून गलबताने आणले असे घरात सांगत. कौले तर समुद्रानेच आली असणार, कारण त्या काळी आमच्या किनाऱ्याला अवजड माल आणणारा रस्ता समुद्र हाच होता.

पाडकाम करणाऱ्या मुलांनी माडीची एक तुळई सोडवायला घेतली, तेव्हा तिचा सांधा कसा सुटतो हे कोणालाच उमगेना. अर्धा तास खटपट केल्यावर त्यांनी ती करवतीने कापली. ज्या सुताराने तो सांधा घातला त्याने तो सोडवण्याची युक्तीही त्यातच ठेवली असणार. ती युक्ती आता गेली, आणि मला त्या दोन दिवसांतली सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट तीच वाटते.

वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावात घर कसे असावे याचे उत्तर त्या बांधणीत होते. उतरती चौपाखी छपरे, भिंतीपासून दूर पागोळ्या टाकणारी पडवी, मधोमध अंधारे पण उन्हाळ्यात थंड माजघर, चुलीचा धूर छपराच्या लाकडापर्यंत पोहोचेल अशी माळ्याची मोकळीक. त्या धुराने वाशांना कीड लागत नसे. गॅस आला आणि चूल बंद झाली तेव्हापासून वाळवी वाढली, असे माझी आई म्हणत असे, आणि तुळईवरचे ते दोन अंक बहुधा त्यानंतरच गेले.

आता इतिहासाचा जो भाग घरात मोठ्याने बोलला जात नसे त्याकडे येते. आमचे घराणे खोताचे. पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये दक्षिण कोकणाचा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याचे ठाणे आधी बाणकोटला आणि १८२२ पासून रत्नागिरीला होते; इंग्रज सरकारने सारावसुलीसाठी खोतांची जुनी पद्धत चालू ठेवली. खोत सरकारला कबुलायत लिहून देई, ठरलेला सारा भरी, आणि कुळांकडून अर्धेल किंवा तिर्धेल, म्हणजे पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा घेई. त्यावरचे तंटे इतके वाढले की १८८० मध्ये खास रत्नागिरी जिल्ह्यासाठी खोती सेटलमेंटचा कायदा करावा लागला. कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये खोतांविरुद्ध संप सुरू केला तो सुमारे सहा वर्षे चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने खोती संपली. आमचे घर या साऱ्या काळात उभे होते. त्याची माडी, त्याचे सागवान आणि त्याची मंगलोरी कौले कुळांच्या भातातून आली, हे मी आज स्पष्ट लिहिते, कारण घराचा इतिहास लिहायचा म्हणून केवळ पूर्वजांच्या कर्तबगारीचे वर्णन करणे हा त्या घराशीच खोटेपणा होईल.

‘गावाने चिरे वाहिले’ असे आमची आजी सांगत असे, जणू गावाने प्रेमाने वाहिले. वरच्या वाडीतील एका कुणबी घरातल्या वृद्ध आजींना मी काही वर्षांपूर्वी हे विचारले. त्या म्हणाल्या, “वाहिले, पण कोणी विचारून नाही वाहायला लावले.” वेठीचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्यांच्या सासऱ्यांनी खाणीपासून आमच्या जोत्यापर्यंतची पाखाडी आपल्या खांद्यावर मोजली होती आणि तिची कितवी पायरी कुठे तुटकी आहे हे ते म्हातारपणीही सांगत. आमच्या घराचा त्यांच्या घरात राहिलेला इतिहास हा असा आहे, आणि तोही कोठे लिहिलेला नाही. त्या आजी आता हयात नाहीत.

माजघराच्या पलीकडे एक लहान, एका झरोक्याची खोली होती. माझ्या पणजोबांची बालविधवा बहीण तिथे आयुष्यभर राहिली असे सांगतात. तिची नावे मला तीन जणांनी तीन निरनिराळी सांगितली, यावरून तिला घरात नावाने फारसे कोणी हाक मारली नसावी. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा याच तालुक्यातील मुरुड या त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकले, हे सर्वांना ठाऊक आहे. तो बहिष्कार ज्या घरांनी पाळला त्यांत आमच्यासारखी घरेच होती. कर्व्यांचे कार्य आपण वाचतो, शिकवतो. त्या कार्याची गरज ज्या खोल्यांमुळे पडली त्या खोल्या मात्र एकेक करून न मोजता, न टिपता नाहीशा होत आहेत. त्या खोलीची लांबी-रुंदी आज मला सांगता येत नाही. झरोका मात्र आठवतो. त्यातून अंगणातले काही दिसत नसे, फक्त माडाचा शेंडा दिसे.

खोती गेल्यावर घर मुंबईच्या मनीऑर्डरवर चालले. आजोबांचे भाऊ आणि पुढे माझे काका हर्णै बंदरातून पडावाने आगबोटीपर्यंत जात आणि मुंबईला नोकरीला लागत. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट बुडाली, तेव्हा ती रेवसकडे जाणारी होती आणि आमच्या घरचे त्या बोटीवर कोणी नव्हते, तरीही आजीने पुढच्या पावसाळ्यात कोणाला समुद्राने येऊ दिले नाही. दर पिढीत हिस्से वाढले, राहणारे कमी झाले. लेकींना १९९४ च्या राज्याच्या दुरुस्तीने आणि मग २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत हक्क मिळाला, तो योग्यच होता. पण हक्कदार वाढले तसे छपराची शाकारणी कोणी करायची हा प्रश्न अधिक अवघड झाला. शेवटची दहा वर्षे घर बंदच होते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने पुढच्या पाख्याची कौले उडाली, आगरातल्या सुपाऱ्या निम्म्याहून अधिक मोडल्या. टाळेबंदीमुळे आम्ही दोन महिने गावाला पोहोचू शकलो नाही, आणि तेवढ्यात पावसाळा निघून चालला. कौल गेले की भिंतीत पाणी मुरते, चुना सुटतो, लाकूड फुगते. पुढच्याच वर्षी तौक्ते वादळ आले. त्यानंतर घर विकायचे की राखायचे हा प्रश्न आमच्यापुढे खऱ्या अर्थाने उरला नव्हता.

मला कोणी असे सुचवील की हे घर सरकारने जतन करायला हवे होते. ते मला पटत नाही. रत्नागिरीत १९१० मध्ये बांधलेला थिबा राजवाडा आणि लोकमान्यांचे जन्मस्थान ही राज्याची संरक्षित स्मारके आहेत आणि ती तशी असणे योग्य आहे. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा अशाच वास्तूंसाठी आहेत. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची श्रेणीवार यादी आहे, आणि १९६६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखडा करताना ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा विचार करण्याची तरतूद आहे. पण आमच्यासारख्या खेड्यातल्या साध्या घराला संरक्षणाची चौकट लावणे म्हणजे चौदा हिस्सेदारांना न परवडणारे ओझे कायमचे देणे होईल. घर पाडू नका असे मी म्हणत नाही. पाडण्याआधी ते टिपून घ्या, एवढेच म्हणते.

केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली, तिच्यात ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांना मालमत्ता पत्रके मिळतात. माझ्या जुन्या खात्याचा या कामात मोठा वाटा आहे आणि मला त्याचे समाधान वाटते. परंतु ड्रोनला छप्पर दिसते, छपराखालचे दिसत नाही. शिवाय ही योजना गावठाणापुरती आहे, आणि कोकणातली पुष्कळ जुनी घरे देशावरच्या गावांसारखी गावठाणात दाटीने वसलेली नाहीत. ती आपापल्या आगरात, सातबाऱ्याच्या जमिनीवर, एकमेकांपासून दूर आहेत. आमचे घरही तसेच होते. नेमकी हीच घरे दोन्ही नोंदींच्या मधल्या फटीतून निसटतात.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. घर पाडल्यावर मालक ग्रामपंचायतीकडे एक अर्ज करतोच करतो, नमुना ८ वरून घर कमी करून घरपट्टी थांबवण्याचा. त्याच अर्जासोबत, किंवा शक्यतो पाडण्याच्या आधी, घराचा मोजलेला आराखडा आणि खोलीवार छायाचित्रे ग्रामपंचायतीत द्यावीत अशी प्रथा पाडता येईल. सक्ती नको, दंड नको. दोन माणसे, एक टेप आणि एक दिवस एवढ्यात मध्यम आकाराचे घर मोजून होते. हे मी अनुभवाने सांगते. सामान हलवण्याच्या आधी छायाचित्रे घ्यावीत, कारण खुंटी, फडताळ, जाते आणि झोपाळ्याच्या कड्या जागेवर असतानाच खोली कशासाठी होती ते कळते. कौलांवरची नावे आणि तुळयांवरचे शक वाचून लिहून घ्यावेत. मंगलोरी कौलावर १८६५ दिसले म्हणून तेच घराचे साल धरू नये, हेही त्याच कागदावर छापून ठेवले तर बरे. गावात त्या घराविषयी सांगू शकणारे जे सर्वांत वृद्ध माणूस असेल त्याचे, आणि मालकाच्या घरातले तसेच कुळाच्या किंवा कारागिराच्या घरातलेही, बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. एक प्रत गावी राहावी आणि एक जिल्ह्याच्या ठिकाणी; रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे, अशा संग्रहाला त्याहून योग्य जागा मला सुचत नाही. वास्तुकलेचे शिक्षण घेणारे विद्यार्थी शहरातल्या इमारती मोजण्याचा सराव करतात, त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत इकडे पाठवले तर त्यांचेही शिक्षण होईल.

आणि कागद. आमच्या कोठीच्या खोलीत एक पेटारा मोडी कागदांनी भरलेला होता. कबुलायती, पावत्या, वसुलीच्या याद्या, घरखर्चाची बाडे असे त्यात असावे, पण मोडी वाचणारे घरात आजोबांनंतर कोणी राहिले नाही. माझ्या लहानपणी ते कागद न्हाणीघरातल्या बंबात जाळायला वापरले जात. मीही ते जाळले आहेत. रविवारी सकाळी पाणी तापवण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. इतिहासाचार्य राजवाडे अशाच पेटाऱ्यांच्या शोधात गावोगाव हिंडले आणि त्यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. त्यांच्यानंतर शंभर वर्षांनीही कोकणातल्या माळ्यांवर असे पेटारे आहेत. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी वाचता येत नाही म्हणून ते टाकू नयेत. मोडी वाचणारे लोक आजही आहेत आणि नवे शिकतही आहेत.

आमच्या पेटाऱ्यातला एकच कागद शिल्लक राहिला. पाडकामाच्या आदल्या दिवशी देवघरातील तसबिरी उतरवताना एका तसबिरीच्या पाठीला पुठ्ठ्याऐवजी घडी घालून लावलेला मोडी कागद सापडला. रत्नागिरीच्या एका जाणकारांनी तो मला वाचून दिला. तो घर बांधतानाच्या हिशेबाचा तुकडा निघाला. चुना किती खंडी आला, गूळ किती शेर गेला, आणि त्यापुढे सात नावे, प्रत्येकासमोर दिलेले भात, कोणाला दोन पायल्या, कोणाला तीन, एकाला ‘अर्धी पायली, आजारी होता’. नावांपुढे कोणाला पाथरवट, कोणाला सुतार म्हटले आहे. तीन नावांपुढे काहीच नाही. चिरे वाहणारे तेच असावेत. मी उल्लेख केलेल्या त्या कुणबी आजींच्या सासऱ्यांचे नाव त्या तिघांत आहे. भात दिल्याची नोंद आहे, म्हणजे माझ्या आजीचे सांगणे पुरते खोटे नव्हते; एका दिवसाचे ते मोल होते की आठवड्याचे, ते कागद फाटल्यामुळे कळत नाही.

त्या कागदाची मी छायाप्रत काढून वरच्या वाडीत त्या घरी नेऊन दिली आहे. उरलेल्या सहा जणांची घरे शोधते आहे. पाथरवटाचे कुटुंब खेडकडे गेल्याचे कळले आहे. आठवणीतून काढलेला घराचा आराखडा माझ्या चुलत भावंडांना दाखवून दुरुस्त करण्याचे काम चालू आहे. माडीच्या जिन्याला अकरा पायऱ्या होत्या की बारा यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. आपल्या वाचकांपैकी कोणाकडे त्या पट्ट्यातील जुन्या घरांची, लग्नकार्यात काढलेली का होईना, छायाचित्रे असतील आणि त्यांत मागे ओटी, खांब किंवा माडीचा कठडा दिसत असेल, तर त्यांनी ती आपल्या वृत्तपत्राकडे पाठवावीत आणि आपण त्यांना थोडी जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे. जी घरे अद्याप उभी आहेत त्यांपैकी ज्यांना मोजून हवे असेल त्यांच्याकडे मी स्वतः टेप घेऊन येईन. पावसाळ्याच्या आधी आले तर बरे पडेल.

कळावे,
आपली विश्वासू,
भूमी अभिलेख खात्यातील एक निवृत्त कर्मचारी,
दापोली तालुका, जि. रत्नागिरी